माठाखालची रेती

परवा कॉलेजच्या शिपायानं परीक्षेच्या हॉलमधल्या कुलरला गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं आणि पहिल्या झोताबरोबर तो वास आला. ओल्या गवताचा, थोडा मातीचा, थोडा गंजलेल्या पत्र्याचा. मुलं माना खाली घालून लिहीत होती. मी दोन रांगांच्या मधे उभी होते, हातात पुरवण्यांचा गठ्ठा. एकदम वाटलं, चार वाजायला आलेत आणि मला डबा उघडायचा आहे. खरं तर सकाळचे आठ वाजले होते आणि डबा वगैरे काही नव्हता. पण पेपर संपेपर्यंत मी घड्याळाकडेच बघत राहिले.

अमरावतीला येऊन मला सात वर्षं झाली. इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, संसार आहे, कर्जाच्या हप्त्यांसकट सगळं रीतसर चालू आहे. तरी दर एप्रिलमध्ये एकदा असं होतंच. नवरा म्हणतो, तुला ऊन बाधतं. बाधतं खरं. पण हे ऊन अकोल्याचं, माझ्या संशोधनाच्या शेवटच्या वर्षाचं. ते अजून उतरलेलं नाही.

आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना सांगून उपयोग नसतो. पुण्याची एक मैत्रीण गेल्या आठवड्यात फोनवर रडत होती, अडतीस झालंय गं, जीव जातोय. मी म्हटलं, स्वेटर घाल. आमच्याकडे अकरा वाजता गाव मिटतं. दुकानाची शटरं अर्धी खाली येतात, खिडक्यांवर ओले पडदे पडतात, आणि ज्याला नाइलाजानं बाहेर पडावं लागतं तो डोक्याला शेला गुंडाळून, खिशात कांदा ठेवून पडतो. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. चार-साडेचारला पुन्हा कुठेतरी चहाच्या गाड्यावर स्टोव्ह पेटल्याचा आवाज येतो आणि गाव हळूहळू डोळे उघडतं. अकोल्याचं आमचं कॉलेजही तसंच चालायचं. सकाळी सातला उघडायचं, अकराला बंद, मग चार ते सहा.

मी बार्शीटाकळीहून रोज पहिल्या बसनं यायचे. आमचं दोन एकर भाजीचं शेत होतं. वांगी, कोथिंबीर आणि कडेला झेंडू. बाबा पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बसच्या टपावर चढवायचे आणि मी आत खिडकीशी बसायचे, म्हणजे एकाच बसनं आमच्या घरची भाजी आणि आमच्या घरची विद्या अकोल्याला जायची. ‘पोरगी डॉक्टर होऊन राहिली,’ असं बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. त्यामुळे गावातल्या बायका मला गुडघे दाखवायला यायच्या. मी सांगायचे, मावशी, मी तशी डॉक्टर नाही. ‘मंग कशी?’ असं त्यांनी विचारलं की माझी पंचाईत व्हायची.

‘कशी’ याचं उत्तर आज देऊन बघते.

समुद्रात एक मऊ, पारदर्शक प्राणी असतो, जेलीफिश. त्याच्यातल्या काही जाती हिरव्या चमकतात. ती चमक एका प्रथिनाची. हे प्रथिन पिंपासारखं असतं आणि त्या पिंपाच्या बरोबर पोटात रंग देणारा एक छोटासा तुकडा घट्ट बसवलेला असतो. पिंपात आहे तोवर तो चमकतो. तोच तुकडा प्रयोगशाळेत वेगळा तयार करून त्यावर प्रकाश टाकला तर चमक गायब. चमकायचं सोडून तो मधल्या सांध्यात वळतो, बस. बहुतेकांना हा त्याचा दोष वाटायचा. आमच्या वानखडे सरांना तो गुण वाटला. ते म्हणाले, वळतो ना? मग आपण त्याचं बटन करू. निळा प्रकाश टाकला की वळेल, अंधारात ठेवला की हळूहळू आपला आपण जागेवर येईल. असं बटन एखाद्या औषधाला जोडलं तर ते औषध शरीरात झोपून राहील आणि जिथे प्रकाश पडेल तिथेच जागं होईल. सरांनी हे मला फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला वाटलं, हे तर वर्षभरात होईल.

पाच वर्षं लागली. त्या तुकड्याला इकडून एक शेपूट, तिकडून एक, असं करत मी अकरा रेणू बनवले. काही डोळ्याची पापणी लवायच्या आत परत फिरायचे. दोन तर एकदा वळले ते वळलेच. मधल्या वेळेचं गणित काही जमेना. वळलेलं बटन निदान काही तास टिकायला हवं होतं, नाहीतर त्याचा उपयोग शून्य. बारावा रेणू मार्चच्या अखेरीस हाती आला. पिवळा, कढीच्या रंगाचा. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत मेअखेर संपत होती आणि सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. हा टिकला तर मी डॉक्टर, नाहीतर बार्शीटाकळीची बस आणि वांगी. वांग्यांबद्दल मला तक्रार नाही, पण बाबांनी गावाला काय सांगितलं असतं?

काम सोपं होतं, निदान सांगायला. खिडक्यांना लाल जिलेटिनचे कागद चिकटवलेले, आत एक मंद लाल दिवा. पिवळ्या द्रावणाची बाटली निळ्या दिव्यापुढे अर्धा तास धरायची. अकरा वाजता मशीनवर मोजायचं, किती रेणू वळले. मग बाटलीला चंदेरी कागद गुंडाळून ती बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवायची, डब्याला आतून-बाहेरून काळा रंग. डबा टेबलावर. मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत जाऊन फरशीवर पडायचे. चारला परत यायचं, डबा उघडायचा, पुन्हा मोजायचं. किती अजून वळलेले आहेत?

पहिल्याच दिवशी पाऊण भाग शिल्लक होता. पाच तासांनी पाऊण! हिशेब केला, निम्मे परतायला बारा तास. मी मशीनच्या खोलीत एकटीच नाचले. दुसऱ्या दिवशी पाऊण. तिसऱ्या दिवशी पाऊण. एप्रिलभर मी तेवीस वेळा हा प्रयोग केला आणि तेवीस वेळा रेणू शब्दाला जागला.

त्या दिवसांत शालिककाकांशी माझं जे बोलणं व्हायचं ते बहुतेक पाण्याबद्दलच. शालिकराम, आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, हिवरखेडचे, केस पांढरे, मिशा अजून काळ्या. मी बसमधून उतरून वर आले की ते माठातलं पाणी भरून समोर धरायचे. ‘आंधी पानी पे बाई, मंग तुहा सायन्स.’ पुढे मी प्रयोगशाळेत ज्येष्ठ झाले, म्हणजे एम.एस्सी.च्या मुलांपेक्षा, तेव्हा ते ‘तुमी’ म्हणू लागले. मला ते आवडलं नव्हतं. माठ खोलीच्या कोपऱ्यात, लाकडी घडवंचीखाली पत्र्याचं मोठं घमेलं, त्यात ओली रेती, आणि रेतीत त्यांनी पेरलेली मेथी. दुपारी सगळे गेले की काका तिथेच माठाशेजारी पंचा टाकून पडत. खोलीची चाबी त्यांच्या कमरेच्या दोऱ्यात असायची.

त्यांना माझ्या बाटलीचं भारी अप्रूप होतं. सरांनी एकदा गमतीत त्यांना सांगितलं होतं, की हे समुद्रातल्या चमकणाऱ्या मासोळीपासून निघालंय. अगदीच खोटं नव्हतं, अगदी खरंही नव्हतं. तेव्हापासून काका रोज विचारायचे, ‘काय म्हंते तुमची मासोयी?’ मी म्हणायचे, मजेत आहे.

मेच्या सुरुवातीला काका दहा दिवसांच्या रजेवर गेले, मुलीचं लग्न होतं. जाताना मला पत्रिका दिली, आणि दाराशी पोचल्यावर परत फिरून म्हणाले, ‘बाई, दुपारी इकडं ध्यान ठेवजा. लय तापून राहिलं.’ मी हो म्हटलं. मला वाटलं, माठाचं म्हणतायत.

दुसऱ्या दिवशी चारला डबा उघडला आणि मशीननं जो आकडा दाखवला तो मी तीनदा पाहिला. दहावा हिस्साही शिल्लक नव्हता. वाटलं, द्रावण बिघडलं. नवीन केलं. पुन्हा तेच. दिवा तपासला, बाटल्या उकळून धुतल्या, कागद बदलला, डब्याला रंगाचा आणखी एक हात दिला. पुन्हा तेच. त्या दिवसांत मला जेवण जाईना. घरी बाबा विचारायचे, झालं काय वं? मी म्हणायचे, होतंय. आमच्या घरी कोथिंबिरीवर ओलं पोतं घातल्याशिवाय बाबा जुडी घराबाहेर काढत नसत. लहानपणापासून मी ते पोतं भिजवत आले होते. पाच वर्षं रसायनशास्त्रात घालवून मी नेमकं तेवढंच विसरले होते, हे मला आता कळतं.

उष्णता विचारात घेतली नव्हती असं नाही. उष्णतेनं रेणू लवकर परततो हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण एप्रिलमध्ये काय हिमवर्षाव होत होता? तेव्हाही अकोला बेचाळीसच होतं. ऊन तेच, खोली तीच, मग फरक कुठून आला? या प्रश्नाभोवती मी घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिले.

पाचव्या दिवशी सरांकडे गेले. वानखडे सर कडक म्हणून प्रसिद्ध होते. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, ‘नमुन्यांना हात लावू नये’. वहीबाबत त्यांचा एकच नियम होता. चुकलं तर चालेल, खोडरबर चालणार नाही. चुकीवर एक रेघ मारायची, बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मी उभी. डोक्यावरचा पंखा गरम हवा ढवळत होता.

‘काय बदललं?’

‘काही नाही सर.’

‘तापमान?’

‘पंचवीस.’

सरांनी मान वर केली. चष्मा काढला. उठले, भिंतीवरच्या तापमापीपाशी गेले आणि तिथूनच म्हणाले, ‘इथे एक्केचाळीस आहे. हे पंचवीस तू कुठून आणलंस?’

काय सांगणार? जगातल्या सगळ्या शोधनिबंधांत खोलीचं तापमान पंचवीस असतं. अकरावीपासून प्रात्यक्षिकाच्या वहीत आम्ही सगळे त्या रकान्यात पंचवीसच लिहीत आलो. घामाचे थेंब कागदावर पडताहेत, पेन बोटांतून सरकतंय, आणि हात आपोआप लिहितोय, पंचवीस. ते खोटं आहे असं मला कधी वाटलंच नाही. तो आकडा मी मोजायचा असतो हेच डोक्यात नव्हतं.

‘तेवीस दिवस पंचवीस,’ सर म्हणाले. ‘एक दिवस चोवीस नाही, सव्वीस नाही.’ मग थांबले, आणि आवाज न चढवता म्हणाले, ‘मग ते पाऊण पण असंच आलं काय?’

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला समजलं की या माणसाचा माझ्यावरचा विश्वास आत्ता, या टेबलापाशी संपतोय. पदवी राहिली बाजूला, मी खोटारडी ठरत होते. माझ्या आकड्यांना माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. आणि तोंडातून शब्द निघाले, ‘सर, दुपारी मी नसते. एप्रिलभर शालिककाका असायचे खोलीत. डब्याला हात लागत असेल.’

‘लागत असेल, का लागतो?’

‘लागत असेल.’

मला तसं वाटत होतं का? नाही. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत काकांचं नावही मनात नव्हतं. मला फक्त सरांची ती नजर माझ्यावरून उठून दुसरीकडे जायला हवी होती. ती गेली. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

आज माझ्याकडे मुलं प्रकल्पाच्या वह्या घेऊन येतात तेव्हा मी त्यांच्या आकड्यांपेक्षा चेहऱ्यांकडे जास्त बघते. कोण घाबरलंय हे मला लगेच कळतं. घाबरलेल्या माणसाला मी आधी बसायला सांगते. पाणी देते. मला तेव्हा कोणी बसवलं असतं तर मी ते बोलले नसते, असं स्वतःला समजावून पाहिलंय. पटत नाही. बसूनही बोलले असते.

काका रजेवरून आले ते बुंदीच्या लाडवांची पिशवी घेऊन. माझ्यासाठी चार लाडू वेगळे कागदात बांधलेले. तोवर सरांनी हुकूम काढून ठेवला होता. चाबी ऑफिसात जमा करायची, काकांनी व्हरांड्यात स्टुलावर बसायचं, घंटा द्यायची, खोलीत यायचं नाही. कारण कोणी सांगितलं नाही. काकांनी ते ऐकून घेतलं, कमरेचा दोरा सोडला, चाबी काढून दिली. दुपारी मी जिन्यावरून उतरत होते तेव्हा त्यांनी हाक मारली.

‘बाई, माही चाबी काहून काढून घेतली वं सायबानं?’

‘मला माहीत नाही काका,’ मी म्हटलं. त्यांच्याच लाडवाचा तुकडा माझ्या तोंडात होता.

त्यानंतरचा आठवडा मला नीट आठवत नाही, आठवतो तो फक्त चारचा ठोका. आता ऑफिसातून घेतलेली खोलीची चाबी माझ्याच पर्समध्ये होती. कोणाचा हात लागण्याचा प्रश्नच नव्हता, आणि आकडे होते तसेच, दहाव्या हिश्शाच्या खाली. म्हणजे कोणाचा हात न लागता येणारा खरा आकडा हाच, असं मी सरांना सांगितलेलं कारण आता माझ्यावरच उलटलं होतं. मुदतीला अकरा दिवस उरले. सर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. माठ कोणी भरत नव्हतं, मीच भरायला लागले, कारण पाणी तर लागायचंच. मेथी मात्र पिवळी पडली.

एके दिवशी अकराला मी खोलीला कुलूप लावत होते. काका व्हरांड्याच्या भिंतीशी सावलीची जेवढी पट्टी होती तेवढ्यात बसले होते.

‘मासोयी कशी हाये?’ त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. म्हटलं, ‘नाही टिकत काका. तुम्ही गेलात तेव्हापासून नाही टिकत.’

‘मंग दुपारी रेतीत कोन ठेवते?’

‘कशात?’

‘माठाखालच्या रेतीत.’ त्यांनी इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आणला. ‘मी त रोज ठेवत होतो. तुमी गेल्या का डबा पन्नीत घालाचा अन् रेतीत दाबाचा. वरून पानी शिंपडाचं. चारच्या आंधी काढून, पुसून, व्हता तठी. सायबाची पाटी हाये ना हात लावाचा नाई म्हनून, तं सांगतलं नाई कोनाले. पन पान्यातला जीव हाये तो बाई. अकोल्याच्या उन्हात कसा टिकन?’

मी कुलूप काढलं, आत गेले, तापमापी घेतली आणि घमेल्यातल्या ओल्या रेतीत खुपसली. उभी राहून बघत राहिले. पारा उतरत उतरत पंचवीसच्या किंचित वर थांबला.

हसावं की काय करावं कळेना. मी न मोजता तेवीस वेळा पंचवीस लिहिलं होतं आणि हा माणूस रोज दुपारी, कोणी न सांगता, ते पंचवीस खरं करून ठेवत होता. चारला डबा उचलताना तो हाताला गार लागत असणार. लागतच होता. बाहेरून उन्हातून आलेल्या हाताला काहीही गारच लागतं, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी डबा रेतीत ठेवला. चारला पाऊण. अगदी पाऊण.

आता खरी परीक्षा सुरू झाली. कारण मला दिसत होतं की हे कोणाला सांगायची गरजच नाही. नमुने ओल्या रेतीत ठेवले, तापमान पंचवीस, एवढं एक वाक्य प्रबंधात घातलं की झालं. सर खूश, मुदत पाळली, गावात पेढे. काकांचं काय, तर महिन्याभरात लोक विसरतील की त्यांच्याकडे कधी चाबी होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी हे वाक्य मनात सहा-सात वेळा जुळवून पाहिलं, चांगलं जमत होतं. स्टँडवर उतरले, बाबांची कोथिंबीर टपावरून उतरवून हमालाला दिली, त्या ओल्या पोत्याला हात लागला आणि मला स्वतःची शिसारी आली. कॉलेजात गेले ती सरळ सरांच्या खोलीत.

सगळं सांगितलं. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘शालिकरामला बोलव.’ माझ्याकडून चाबी मागून घेतली, स्वतःच्या हातानं काकांना दिली. ‘रोज ठेवत होतास तसं ठेव. मी बसतो.’

अकराला मोजलं. काकांनी डबा प्लॅस्टिकच्या पन्नीत घातला, रेतीत दाबला, वरून पाणी शिंपडलं. सर स्टूल ओढून माठाजवळ बसले. जेवायला घरी गेले नाहीत. मी भिंतीला टेकून. लाल कागदातून आलेल्या उजेडात तिघांचे चेहरे तांबडे दिसत होते. सर दर अर्ध्या तासानं रेतीतली तापमापी बघायचे आणि वहीत लिहायचे. पंचवीस, सव्वीस, पंचवीस.

तीनला लाईन गेली. पंखा बंद, मशीन बंद. मशीन तापायलाच अर्धा तास लागतो, म्हणजे चारचं मोजमाप गेलं. सर खिशातून खडू काढून टेबलावरच गणित मांडायला लागले. ‘निम्मे परतायला बारा तास, हे तुझं म्हणणं. पाचला मोजलं तर शंभरातले किती उरले पाहिजेत?’ मी म्हटलं, काढते. ‘काढ, आणि लिही. आधी लिही, मग मोजू.’ मी खडूनं लिहिलं, एकाहत्तर. एक अंक असा टेबलावर लिहून त्याच्यासमोर बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. पाच वर्षं मी आकडे मोजून मग त्यांना अर्थ देत होते. हा आकडा आधीच बोलून बसला होता.

सव्वाचारला लाईन आली. पावणेपाचला मशीन तयार झालं. पाचला काकांनी डबा काढला, पुसला. मी बाटली मशीनमध्ये ठेवली. सत्तर आले.

सरांनी खडूचा आकडा पाहिला, पडद्यावरचा पाहिला. ‘खोटी नाहीस,’ ते म्हणाले. ‘बेफिकीर आहेस.’ मग वही माझ्याकडे सरकवली. मी तिथेच बसून तेवीस पानांवरच्या तेवीस पंचविसांवर एकेक रेघ मारली, बाजूला लिहिलं ‘मोजले नाही’, आणि सही केली. ती सगळी मोजमापं प्रबंधातून बाद झाली. पुढच्या नऊ दिवसांत जेवढी झाली तेवढ्यांवर मी प्रबंध उभा केला.

पण त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट व्हायची होती. सर उठले तेव्हा काका म्हणाले, ‘सायब, एक इचारू? मंग माही चाबी काहून काढली होती?’

सर माझ्याकडे बघत राहिले. ते उत्तर देऊ शकले असते. त्यांनी दिलं नाही.

‘मी सांगितलं होतं काका,’ मी म्हटलं. ‘सरांना मी म्हटलं, डब्याला तुमचा हात लागतो.’

त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहिली. राग आला असता तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी करता आलं असतं.

‘लागत तं होताच,’ ते म्हणाले. कमरेचा दोरा सोडला, चाबी काढली आणि टेबलावर, खडूच्या आकड्याशेजारी ठेवली. ‘हे तुमच्याजवळच राहू द्या सायब.’

‘शालिकराम, असू दे. झालं ते झालं.’

‘नाई सायब. उद्या अजून काही इकडचं तिकडं झालं तं कोनाले पाहाचं?’

पुढचे नऊ दिवस डबा मी रेतीत ठेवला, पाणी मी शिंपडलं. काका सकाळी माठ भरून जायचे, आणि माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे, अगदी पहिल्यासारखं. प्रबंध मुदतीत गेला. पद्धतीच्या प्रकरणात मी त्यांचं नाव घातलं, कोणी काय केलं ते सगळं लिहिलं. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी ते पान वाचून कौतुक केलं.

पदवीचं पक्कं झालं तेव्हा पुन्हा एप्रिल आला होता. सर निवृत्त होऊन गेले होते. मी पेढे घेऊन कॉलेजात गेले, दुपारी बाराला, बस तेव्हाच मिळाली. इमारतीत शुकशुकाट. वरच्या व्हरांड्यात काका होते. त्यांनी पेढा खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, बाबांच्या वांग्यांवर यंदा कीड आहे का विचारलं. फरशी इतकी तापली होती की चपलेतून चटके बसत होते. काकांनी पंचा अंथरला, शेला उशाला घेतला. खोलीचं दार आता दिवसभर उघडंच असायचं, आत कोपऱ्यात माठ भरलेला दिसत होता.

मी म्हटलं, ‘काका, आत पडा ना. आत गार आहे.’

‘नाई बाई,’ ते म्हणाले, ‘अठीच बरा हाओ मी.’

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.